आईची मूठ

बसमधून उतरताना आईने हात पुढे केला, त्याने तो धरला, आणि त्याच्या लक्षात आलं की धरलंय ते फक्त आपणच. आईचा हात नुसता त्याच्या हातात येऊन पडला होता, कुणी जाताजाता किल्ली ठेवून जावी तसा. पायरीवरून ती खाली आली, पिशवी खांद्यावर चढवली आणि नेहमीसारखी त्याच्या पुढे चालू लागली. बोलत होतीच. ड्रायव्हर ब्रेक कसा मारतो, समोरच्या सीटवरचा माणूस तोंड उघडं टाकून कसा झोपला होता, आणि त्याच्या तोंडात माशी जाईल म्हणून आपला जीव कसा वरखाली होत होता. तो मागून हं हं करत चालला. एका दुकानाबाहेर काचेचं मोठं तावदान टेम्पोतून उतरवत होते. त्यात क्षणभर आई दिसली: ताठ, भराभर चालणारी, उजवा हात मात्र पिशवीच्या पट्ट्यात अडकवून ठेवलेली. अडकवलेला, धरलेला नव्हे. हे कधीपासून चाललंय, त्याने स्वतःला विचारलं. एका घरात राहून, रोज एका टेबलावर जेवून, आपल्याला हे बसच्या पायरीवर कळावं, याचं त्याला नवलही वाटलं आणि लाजही.

कारण त्याच्या ओळखीचा हात हा नव्हताच. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, तेव्हा चार-चार वायरी एका मुठीत धरून पाचवी खोचायची आणि त्याच वेळी शेजारणीला काल घेतलेल्या चपला कशा चावतात ते सांगायची. त्याचा पहिला दात त्याच हाताने काढला होता. दात कधीचा हलत होता आणि तो कुणाला हात लावू देत नव्हता. आई म्हणाली, राहू दे, आपण पाढे म्हणू. सात नवे किती? त्रेसष्ट म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि उत्तर बाहेर यायच्या आत दात तिच्या चिमटीत होता. "बरोबर आहे," ती म्हणाली होती, आणि त्याला बराच वेळ कळलं नव्हतं की रडायचं की खूश व्हायचं. एक्स्चेंजच्या वरच्या मजल्यावर करमणुकीची खोली होती. तिथे टेबल टेनिसचं टेबल, आणि टेबलाच्या पलीकडे लांबडी. लांबडी म्हणजे आईच्या शेजारच्या बोर्डावरची ऑपरेटर. तिचं खरं नाव घरात कुणी उच्चारल्याचं त्याला आठवत नव्हतं. ती आईला ठेंगणी म्हणायची. ड्यूटी संपली की दोघी खेळायच्या आणि तो बाकावर गृहपाठ करायचा. चेंडूचा आवाज थांबला की मान वर करायची, कुणीतरी चिडलेलं दिसायचं. एक्स्चेंज बंद झालं, दोघी निवृत्त झाल्या, तरी दर रविवारी क्लबात त्यांचा खेळ चालूच होता. होता. आईची बॅट कितीतरी दिवसांत खुंटीवरून हललेली नाही, हे त्याला आत्ता, घराचं दार उघडताना आठवलं.

"तुला आज कळतंय?" बायको म्हणाली. ती कांदा चिरत होती. "बरण्यांची झाकणं मी कधीची सैल करून ठेवतेय."

"मग मला सांगायचं नाही का?"

"आईंनी सांगू नको म्हटलं. म्हणाल्या, त्याला सांगितलंस तर तो लगेच मापं घ्यायला लागेल."

तेवढ्यात बाहेर फोन वाजला आणि आई बोलताना ऐकू आली. "अगं कुठलं जमतंय या रविवारी, घरात पाहुणे आहेत. हो, गेल्या रविवारचेच. मुक्कामाला राहिलेत." त्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने खांदे उडवले. घरात पाहुणे म्हणावेत असे ते दोघंच होते.

जेवताना त्याने विषय काढला. आई म्हणाली, संधिवात आहे, सगळ्यांना होतो, त्यात काय एवढं. डॉक्टरांनी हाताच्या वस्तू जाड मुठीच्या घ्या म्हणून सांगितलंय. चमच्याला तिने कापड गुंडाळलं होतं, ते त्याला आजवर चमचा भाजू नये म्हणून वाटत होतं. आणि बॅट? बॅटचं काय, आई म्हणाली, कंटाळा आला. तिने पाण्याचा पेला दोन्ही हातांनी उचलला, पिऊन झाल्यावर अगदी सावकाश खाली ठेवला, आणि त्याच्याकडे असं पाहिलं की आता बोललास तर बघ.  पण मापं घ्यायला त्याने मनात सुरुवात केली होती, हेही खरं.

त्याचा धंदाच तो होता. गल्लीच्या टोकाला, काचवाल्याच्या शेजारी, त्याचं छोटं वर्कशॉप होतं. आत एक सीएनसी मशीन, कॉम्प्युटरवरच्या आकाराप्रमाणे लाकूड कोरणारं. लोक मोडक्या वस्तू घेऊन यायचे: खुर्चीचा एक पाय, जुन्या रेडिओचं बटण, बाहुलीचा दंड. ज्याचा नकाशा कुणाकडे नाही, ज्याचा कारखाना कधीच बंद पडला, असं काहीतरी. तो वस्तू मशीनकडून स्कॅन करून घ्यायचा आणि लाकडातून तशीच दुसरी कोरून द्यायचा. त्याला कोरण्यापेक्षा आधीची तयारी जास्त आवडायची, हे मात्र त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई फिरायला गेल्यावर त्याने खुंटीवरची बॅट काढली, पेपरात गुंडाळली, आणि चोरासारखा घराबाहेर पडला.

त्याने मशीनचा बेड, म्हणजे वस्तू ठेवायचा सपाट पाट, झाडून पुसून घेतला. कालच्या भुशाचा एक कण खाली राहिला तरी वस्तू तेवढी तिरकी बसते. बॅटचं पातं क्लॅम्पखाली घेतलं, खूप आवळलं नाही. मूठ अधांतरी राहत होती, तिच्याखाली लाकडाची पातळ चकती सरकवली, म्हणजे वरून काही टेकलं तरी ती झुकणार नाही. मुठीची एक बाजू स्कॅन झाली की बॅट उलटी करून दुसरी करायची, आणि उलटी केल्यावर ती परत नेमकी त्याच जागी बसली पाहिजे, नाहीतर दोन्ही अर्धी एकमेकांना ओळख दाखवणार नाहीत. म्हणून पात्याच्या कडेला टेकतील अशा दोन खुंट्या बेडवर ठोकल्या. मग मशीनमधलं कापायचं पातं काढून तिथे प्रोब बसवला: सुईसारखी बारीक दांडी, टोकाला लाल मणी. मणी कशालाही टेकला की मशीन जागच्या जागी थांबतं, ती जागा टिपून ठेवतं, वर उचलतं, जरासं पुढे सरकतं आणि परत खाली येतं. असे हजारो ठिपके जमले की वस्तूचा आकार तयार. हे करताना पातं फिरवणारी मोटर चुकून फिरली तर प्रोबचे तुकडे, म्हणून त्याने त्या मोटरचा प्लगच काढून ठेवला. शेवटी बोट हलकेच मण्याला लावून पाहिलं. मशीन थबकलं. हे बोट लावणं तो कधीच चुकवत नसे. चालू करण्याआधी एकदा मशीनला सांगायचं की स्पर्श म्हणजे हा.

बॅटच्या मानेजवळ त्याने शून्य धरलं, सगळी मापं तिथून मोजली जाणार होती, आणि बटण दाबलं. टक्. वर. जरा पुढे. टक्. पडद्यावर एकेक ठिपका उमटू लागला. त्याने स्टूल ओढून घेतलं. खरं तर स्कॅन चालू असताना तो दुसरी कामं उरकायचा, पण आज उठवेना. ठिपक्यांतून हळूहळू एक खळगा वर आला, आईच्या अंगठ्याचा. तिची बॅट त्याने लहानपणापासून पाहिली होती, पण खळगा असा कधी दिसला नव्हता. किती वर्षं घासून लाकूड तिथे दबलं असेल. त्याच्या शेजारी पहिल्या बोटाची लांबट उतरण, खाली तळव्याचा फुगवटा. एक्स्चेंजच्या जिन्यातला वास त्याच्या नाकात आला, रबराचा आणि घामाचा, आणि घरी जाताना त्या हाताने त्याची मान मागून धरून रस्ता ओलांडायची आईची रीत आठवली. मांजराच्या पिल्लासारखी. तेव्हा त्याला त्याचा राग यायचा, मित्र बघतील म्हणून. मान आपोआप आखडली आणि तो स्टुलावर एकटाच हसला. काचवाला दारातून डोकावला आणि काही न विचारता परत गेला.

त्याने मूठ तशीच्या तशी केली, फक्त डॉक्टरांनी सांगितलं तशी जाड. पडद्यावर आकार थोडा फुगवला की झालं. हलकं लाकूड निवडलं, दोन्ही अर्धी कोरली, जुनी मूठ जपून काढून नवी चिकटवली. इतकं सुबक काम त्याच्या हातून बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. अंगठ्याचा खळगा होता, बोटाची उतरण होती, सगळं जिथल्या तिथे. घरी जाईपर्यंत तो बॅट पेपराच्या आत हात घालून चाचपत राहिला.

आईने आधी त्याला चोर म्हटलं. मग चष्मा लावून बॅट निरखली, आणि तिचा चेहरा एकदम तरुण झाला. "अरे, हा तर माझाच हात." तिने बॅट धरली. अंगठा खळग्यात गेला नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट भलत्याच दिशेला वळली होती, ती मुठीला टेकेचनात. तिने बॅट फिरवली आणि बॅट सुटून सोफ्यावर पडली. परत घेतली, परत पडली. तिसऱ्यांदा तिने उचलली नाही.

"जरा नीट धर ना," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच चिडलेला वाटला. आणि खरंच तो चिडला होता. इतकी हुबेहूब मूठ, आणि हिला ती धरता येत नाही. क्षणभर त्याला वाटलं, चूक मुठीची नाही, हाताची आहे. मग त्या विचाराची त्याला इतकी शरम वाटली की तो वाकून सोफ्याखाली काहीतरी शोधू लागला.

"तिथे काय पडलंय?" आईने विचारलं.

"काही नाही."

"मग वर ये." तो वर आला. आई बॅटकडे बघत होती, रागाने नाही, जुन्या फोटोतली ओळखीची बाई बघावी तशी. "छान केलीयेस. पण हा हात आता माझ्याकडे नाही रे. ज्या बाईसाठी केलीस ती बाई गेली निघून. आता आहे तिच्यासाठी काहीतरी कर." आणि बायकोला हाक मारून म्हणाली, "बघ, मी तुला म्हटलं होतं की नाही, मापं घेईल म्हणून. मापं घेतली, आणि तीही भलत्याच बाईची."

बायको हसली, मग तोही हसला, आणि हसता हसता त्याला एवढी साधी गोष्ट सुचली की आधी का सुचली नाही म्हणून त्याने कपाळावर हात मारला. मातीचा पुडा आणला, वाळल्यावर दगडासारखी होणारी माती. बॅटची नवी मूठ परत काढून टाकली, उघड्या दांड्याभोवती ओल्या मातीचा गोळा थापला आणि बॅट आईसमोर धरली. "धर. तुला धरवेल तशी." आईने हात लावला, मातीत बोटं हळूहळू रुतली. करंगळीपाशी येऊन दाब संपला. त्याने तिच्या बोटांवर आपला हात ठेवून थोडं दाबायला सुरुवात केली.

"तू दाबू नकोस," आई म्हणाली. "मग तो तुझा हात होईल."

त्याने हात काढून घेतला.  आई डोळे मिटून, ओठ घट्ट आवळून बसली होती. मग मनगटातून तिने बॅट जराशी हलवली, जसा चेंडू परतवायचा असावा तशी, आणि माती आणखी थोडी सरकून तिच्या हाताशी जुळली. हात काढला तेव्हा जे उरलं ते दिसायला आल्याच्या तुकड्यासारखं होतं. गाठी, वाकडे खळगे, एका बाजूला उगाच आलेला उंचवटा. बायको म्हणाली, दिसतंय मात्र भयंकर. आई म्हणाली, हात तरी कुठे देखणा आहे.

त्याला धीर निघेना. माती ओलीच होती तरी तो बॅट घेऊन वर्कशॉपकडे निघाला, आणि या वेळी आईही मागे लागली. "माझा हात जाणार असेल तर मीही येणार." तिथे त्याने बॅट क्लॅम्पखाली घेतली, प्रोब खाली आणला, आणि मण्याने मातीला टेकून थांबायच्या ऐवजी छोटंसं भोक पाडलं. मग दुसरं. आई स्टुलावरून म्हणाली, "टोचू नको म्हणावं त्याला." त्याने मशीन थांबवलं. ओली माती मण्याला अडवतच नव्हती. मशीनला वाटत होतं अजून खाली जायचंय. म्हणजे आज वाळत ठेवायची, उद्या यायचं. आईने भोकं बोटाने हलकेच बुजवली. जाताना वाटेत म्हणाली, "तुला लहानपणापासून घाई. दातसुद्धा स्वतः पडायच्या आत काढायला लागला." त्याला म्हणायचं होतं की घाई तुझी होती, पण ती तोवर पुढे निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी माती टणक झाली होती आणि किंचित आकसलीही होती. किती आकसली याचा अंदाज घेऊन त्याने तेवढी वाढ पडद्यावर द्यायची ठरवली. तयारी तीच, पण आता आई बघत होती म्हणून तो प्रत्येक गोष्ट जरा जास्तच टापटिपीने करत होता. दोन ठिकाणी माती आत वळली होती. प्रोब वरूनच खाली येतो, त्याला पोटाखालचं दिसत नाही. एरवी त्याने ते खळगे भरून टाकले असते. आज त्याने ठिपके दाट घेतले, वेळ लागला तर लागू दे, आणि त्या दोन जागा बॅट तिरकी ठेवून वेगळ्या स्कॅन करायच्या ठरवल्या. शेवटी मण्याला बोट लावायची वेळ आली तेव्हा तो थांबला. "आई, तू लाव." आईने वाकड्या बोटाने मण्याला स्पर्श केला. मशीन थबकलं. तिने दचकून बोट मागे घेतलं आणि मग परत एकदा लावून पाहिलं, मजा म्हणून.

"बघतंय का ते?"

"हो, आता तुझा हात बघेल."

"बघतंय कसलं, चाचपतंय. अंधारात दिव्याचं बटण शोधावं तसं." ती स्टुलावर बसली, हात मांडीवर. टक्. वर. पुढे. टक्.  पडद्यावर तिची करंगळी उमटत होती, जशी आहे तशी, बाहेरच्या बाजूला पडलेली. त्याला वाटलं, ही करंगळी पुढच्या वर्षी इथे नसेल. आणखी वाकेल, आणि ही मूठही त्या पहिल्या मुठीसारखी कुणा निघून गेलेल्या बाईची होईल.  मशीन मात्र सावकाश, न कंटाळता, एकेक जागा विचारत चाललं होतं.

"बोटं अजून वाकली तर?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"तर परत करायची. तुझं मशीन कुठे पळून चाललंय?" आईने पडद्यावरची नजर काढली नाही. मग थोड्या वेळाने, तो काही विचारत नसताना, म्हणाली, "हरायला माझी ना नव्हती. लांबडीकडून मी आयुष्यभर हरत आलेय, जिंकतही आलेय. पण बॅट हातातून सुटली असती ना तिच्यासमोर, तर ती माझी काळजी करायला लागली असती. हळू चेंडू टाकला असता तिने. मला ते नको होतं."

तो तिरकी बाजू लावायला उठला, तेव्हा तिने त्याच्या हातात स्क्रू एकेक करून दिले. दोन खाली पडले, ते तिनेच उचलले, आणि त्याने उचलू दिले.

मूठ तयार झाल्यावर तो पॉलिशपेपर घेऊन बसला, तर आईने तो काढून घेतला. खरखरीतच राहू दे, म्हणाली, घट्ट बसतंय. बॅट तिच्या हातात राहिली. घरात तिने भिंतीवर चेंडू मारून पाहिला आणि बायकोच्या दोन कुंड्या फोडल्या. बायकोने दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या. मग आईने फोन उचलून सांगितलं की पाहुणे गेले एकदाचे.

रविवारी क्लबात लांबडी आधीच येऊन बसली होती. ती आता तेवढी लांबडी राहिली नव्हती, पाठीत वाकली होती, आणि डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा चष्मा होता. आईला बघून ती उठली आणि दोघी एकमेकींसमोर नुसत्याच उभ्या राहिल्या. तिचं लक्ष आईच्या बॅटकडे गेलं.

"ही बॅट आहे की बटाटा?"

"मुलाने केलीये. माझ्या मापाने."

"बघू." लांबडीने बॅट घेतली, उलटीसुलटी केली, धरायचा प्रयत्न केला. तिची लांब सरळ बोटं कुठल्याच खळग्यात बसेनात. "छे. ही धरायची कशी?"

"तुला नाहीच येणार," आई म्हणाली, आणि तिच्या आवाजातला आनंद तिला लपवता आला नाही. मग तिने हात उघडून दाखवला. लांबडीने चष्मा पुढेमागे करून तो हात पाहिला, बराच वेळ पाहिला.

"म्हणून पाहुणे होय," ती म्हणाली. "आणि मी मेली मनात म्हणते, हिला माझ्या डोळ्यांचं कळलं, म्हणून ही येत नाही. एका डोळ्याने जवळजवळ काही दिसत नाही मला. पांढरा चेंडू तर अजिबातच नाही. रोज देवाला म्हणत होते, हिचे पाहुणे अजून थोडे दिवस राहू देत."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग इतकी हसली की तिला टेबलाला टेकावं लागलं. लांबडी आधी रागावली, मग तीही हसायला लागली. क्लबाच्या कपाटात शोधाशोध करून नारिंगी चेंडू मिळाला. लांबडीने तो डोळ्यांसमोर धरला, लांब नेला, म्हणाली, हा दिसतोय, चल. चेंडू उचलून द्यायचं काम त्याच्याकडे आलं.

खेळ संथ होता. चेंडू जाळीवरून जायचा, कधी जायचा नाही, कधी आईने मारला की भलतीकडेच. पण बॅट सुटली नाही. लांबडी हळू टाकत नव्हती. तिला हळू टाकायला दिसतच नव्हतं, आलेल्या चेंडूवर ती सगळी ताकद लावत होती. एकदा चेंडू टेबलाच्या कडेला लागून उडाला, भिंतीवर आपटला आणि रचून ठेवलेल्या घडीच्या टेबलांखाली गडगडत गेला. तो गुडघ्यांवर बसून आत शिरला. आत धूळ होती, खुर्चीचा एक तुटका पाय, आणि कोपऱ्यात नारिंगी चेंडू. हात लांबवून त्याने तो उचलला. बाहेर दोन जोड बूट दिसत होते, एक जोड छोटा, एक मोठा, आणि वरून आवाज येत होते.

"बाहेर होता."

"कडेला लागला, मी पाहिलं."

"तू पाहिलंस? तू?"

"ऐकलं मग. लागल्याचा आवाज आला. पॉइंट माझा."

"लांबडे, तू तेव्हाही अशीच खोटारडी होतीस."

"आणि तू तेव्हाही अशीच रडकी."

छोटे बूट एक पाऊल पुढे आले. मोठे बूट जागचे हलले नाहीत. चेंडू हातात घेऊन तो तिथेच बसून राहिला. गुडघ्यांना धूळ लागली होती, पाठ टेबलाच्या लोखंडी पट्टीला टेकत होती, आणि बाहेर यायची त्याला अजिबात घाई नव्हती.

"काय रे," आईचा आवाज आला, "सापडला का चेंडू, की तिकडेच राहणार आहेस?"

"शोधतोय," तो म्हणाला.